उंदीर जिवंत धरायचा तर

मागच्या मे महिन्यात शेजारच्या वाडीतली एक नवी सून माझ्याकडे उंदराचा पिंजरा मागायला आली. औषध घालून मारायला तिचं मन धजत नव्हतं. पिंजरा हातात घेऊन तिने विचारलं, "काकू, यात काही मरत नाही ना?" मी तिला पडवीत बसवलं, चहा टाकला आणि अर्धा तास बोलत राहिले. कारण या प्रश्नाचं खरं उत्तर "मरतं" असं आहे. पिंजऱ्यात जीव उन्हाने मरतो, गारठ्याने मरतो, मुंग्यांनी मरतो. आपण नुसते विसरलो तरी मरतो. त्या दिवशी तिला जे सांगितलं ते, आणि नंतर आठवलेलं बाकीचं, इथे लिहिते आहे.

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, मागे माड-पोफळीचं आगर. घरात आमसुलं, काजूगर, फणसपोळी, आगोटीचे सोडे आणि बोंबील असं बारा महिने काही ना काही भरलेलं असतं. अशा घरात उंदीर येणारच. आमच्याकडे पूर्वी उंदरांना विषाच्या वड्या घालायचे. ब्रोमाडायोलोनसारख्या विषाने उंदीर जागच्या जागी मरत नाही. त्याचं रक्त गोठायचं थांबतं आणि तो दोन-चार दिवस आतल्या आत रक्तस्राव होत फिरत राहतो, मंदावतो, आणि मंदावलेला उंदीर मांजराला, घुबडाला सहज सापडतो. आमची पांढरी मांजरी तशीच गेली. तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. त्या दिवसापासून, म्हणजे अठरा वर्षं झाली, घरात विष आणलेलं नाही. चिकट पुठ्ठाही नाही. त्यावर चिकटलेला उंदीर स्वतःची कातडी सोलून घेतो, आणि उंदराआधी पाली आणि चिमण्या चिकटतात.

पिंजऱ्याकडे वळले तेव्हा मलाही वाटत होतं की हा निर्धोक. पहिल्याच एप्रिलमध्ये पोटमाळ्यावर एक लावला आणि चिपळूणला लग्नाला गेलो. रात्री परत यायचं होतं, पाहुण्यांनी ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला घरी आलो. पिंजऱ्यात उंदीर नव्हता, खार होती. सकाळी कौलांमधून आत आली असणार. मेलेली होती. नाकाचं टोक तारेला घासून घासून सोललेलं, पुढच्या दोन्ही पंजांच्या नख्यांना रक्त, आणि आकड्याला लावलेला खोबऱ्याचा तुकडा जसाच्या तसा. तिने तो खाल्लाही नव्हता. आकड्याला नुसता धक्का लागून दार पडलं होतं. वर कौलं इतकी तापली होती की पिंजऱ्याची कडी हातात धरवत नव्हती. तो पिंजरा खाली आणताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पिंजरा लावलास की झोपताना आठवण ठेवायची गो."

म्हणून पहिली गोष्ट वेळेची.

रात्री जेवणं आवरल्यावर, साडेआठ-नऊला पिंजरा लावायचा. अकराला झोपण्याआधी बघायचा. पहाटे पाचला, चूल पेटवायच्या आधी, पुन्हा बघायचा आणि रिकामा असला तरी दार सुतळीने बंद बांधून टाकायचं. उंदीर-घुशी रात्रीच्या. खारी, चिमण्या, सातभाई, मुंगूस, घोरपड हे सगळे दिवसाचे. दिवसा पिंजरा बंद ठेवला की निम्मे अपघात टळतात. रात्री घरी नसाल तर लावूच नका. तापाने पडला असाल, घरात कोणी आजारी असेल, तरी लावू नका. मी कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिते: "माळा १, मांगर १" (मांगर म्हणजे आगरातलं सामानाचं खोपट). सकाळी दोन्ही बघून झाले की काट मारते. घरात चार माणसं असली की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने बघितला असेल, त्यावर हा उपाय.

पिंजरा विकत घेताना

बाजारात साधा तारेचा, आकड्याचा पिंजरा मिळतो, लाकडी पेटीचा मिळतो, पाय पडला की दार पडणारा फळीचाही मिळतो. मला फळीचा आवडतो, कारण आमिष ओढताना मान वर असताना दार पडलं असं त्यात होत नाही, जनावर पूर्ण आत आलेलं असतं. लांबी बघून घ्या. घरातल्या साध्या उंदराला फूटभर पुरतो. घूस किलोभर वजनाची असते, तिला दीड फुटाचा लागतो. आखूड पिंजऱ्यात शेपूट दाराखाली चिरडते, आणि चिरडलेल्या शेपटीचा उंदीर सोडला तरी ती जखम चिघळते.

घरी आणल्यावर दोन परीक्षा घ्या. एक, जुन्या सुती लुगड्याचा तुकडा पिंजऱ्याच्या आतून सगळीकडे फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे कातडीही अडकेल. तिथलं तारेचं टोक पकडीने आत वळवा आणि कानशीने घासा. दोन, दाराच्या उंबऱ्यावर गवारीची शेंग आडवी ठेवून दार पडू द्या. शेंग तुटली तर स्प्रिंग जास्त कडक आहे. ती थोडी सैल करा किंवा दाराच्या खालच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बांधा. याच स्प्रिंगमध्ये लहान मुलांची बोटं सापडतात, तेव्हा ही परीक्षा आपल्यासाठीही आहे.

आपल्या किनाऱ्यावर तिसरी गोष्ट गंजाची. खाऱ्या वाऱ्यात बिजागरी वर्षभरात धरते. मग दार अर्धंच पडतं, आणि जनावर त्या फटीत मान घालून अडकतं. हे मी एकदा पाहिलं आहे, पुन्हा पाहायचं नाही. दर महिन्याला बिजागरीला खोबरेलाचे दोन थेंब, आणि दार दहा वेळा उघडझाप करून बघायचं. दहातल्या एकदा जरी अडलं तरी तो पिंजरा बाजूला.

कुठे आणि कशाने

उंदीर उघड्यावरून जात नाही, भिंतीच्या कडेने जातो. लेंड्या, कुरतडल्याचा भुसा, भिंतीवर अंगाच्या तेलाचा काळपट पट्टा दिसतो, तीच त्याची पाणंद. पिंजरा तिथे, भिंतीला लागून, सपाट जागी. हलणारा पिंजरा उंदीर ओळखतो. खाली विटेचे दोन तुकडे देऊन टेकवला की डुगडुगत नाही.

उंदीर नव्या वस्तूला बुजतो. पहिल्या तीन-चार रात्री दार बांधून उघडं ठेवा, आत खाणं ठेवा आणि त्याला बिनधास्त येऊ-जाऊ द्या. खाणं रोज संपायला लागलं की मग सुतळी सोडा. ही चार दिवसांची कळ काढत नाहीत म्हणून लोक म्हणतात की पिंजऱ्यात उंदीर येत नाही.

आमिष म्हणजे विस्तवावर भाजलेला सुक्या खोबऱ्याचा तुकडा. वास लांब जातो. भाकरीला तेल लावूनही चालतं. सुका बोंबील सगळ्यात भारी, पण तो घराबाहेर कधीच वापरू नका. माशाच्या वासाने मांजर येतं, मुंगूस येतं, कांडेचोर, म्हणजे उदमांजर, येतो. आमिषाखेरीज आत आणखी दोन गोष्टी मी ठेवते: काकडीची जाड फोड, पाण्यासाठी, आणि मूठभर कोरडा पेंढा. काकडी आपल्याला क्षुल्लक वाटते, पण अडकलेल्या जिवाला सकाळपर्यंत तेवढंच पाणी. पेंढा पावसाळ्यात फार महत्त्वाचा. जुलैच्या रात्री दगडी जमिनीवर, ओल्या अंगाने, तारेवर बसलेला उंदीर गारठून मरतो. पेंढ्यात घुसून बसला तर वाचतो. पिंजऱ्याचा मागचा अर्धा भाग गोणपाटाने झाका. अंधार मिळाला की तो तारेला तोंड घासायचं थांबवतो.

पत्र्याखाली किंवा माळ्यावर मार्च ते मे लावू नका. रात्रीही तिथली धग उतरत नाही. पावसाळ्यात पागोळ्यांच्या ओळीत, पडवीच्या उतारावर किंवा पाणी शिरतं अशा मोरीजवळ लावू नका. रात्रीत पाणी भरलं तर पिंजऱ्यातल्या जिवाला पळायला जागा नसते. मुंग्यांची रांग जिथे दिसते तिथेही नको. हुमले, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्या, तर जिवंत जनावराला सोडत नाहीत. आंब्याखाली पिंजरा ठेवायचाच झाला तर आधी वर फांदीत त्यांची पानांची घरटी आहेत का ते मान वर करून बघा.

पिंजऱ्यात उंदीर नसेल तेव्हा

आमच्याकडे तीनदा पिंजरा पडला तर त्यातली एखादी वेळ चिचुंद्रीची असते. लांब सोंडेसारखं तोंड, टाचणीच्या डोक्याएवढे डोळे, चीं चीं आवाज आणि तो उग्र वास. ती उंदीर नाहीच, कुळच वेगळं. धान्यापेक्षा झुरळं, किडे, गांडुळं यांच्यावर जगते. घरातली झुरळं कमी हवी असतील तर ती आपल्या बाजूची आहे. तिचं शरीर इतक्या वेगाने चालतं की काही तास पोटात अन्न गेलं नाही तर ती मरते. रात्री अकराची फेरी मी मुख्यतः तिच्यासाठी मारते. दिसली की तिथल्या तिथे, दाराबाहेर, लगेच सोडायची. सकाळपर्यंत ठेवली तर बहुधा मेलेलीच मिळते.

दोन वर्षांपूर्वी मांगरात कांडेचोराचं पिल्लू अडकलं. मी सांगूनही कोणीतरी आमिषाला बोंबलाचं डोकं लावलं होतं. मी गेले तेव्हा पिल्लू गोणपाटाखाली दबून होतं आणि वर वाशावर आई बसलेली, बॅटरीच्या उजेडात तिचे डोळे पेटलेले. अशा वेळी पिंजरा उचलून कुठे न्यायचा नाही. आई जवळ असते आणि ती अंगावर येऊ शकते. मी दाराच्या कडीला पाचेक हात सुतळी बांधली, मांगराच्या दाराआड उभी राहिले, सुतळी ओढून दार वर धरलं आणि थांबले. दहा मिनिटं काहीच झालं नाही. मग आई खाली उतरली, एक घुरघुराट केला, आणि दोघं गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, आगरात गेली. सुतळीची ही रीत सगळ्याच जनावरांना चालते: दार झाडीकडे, माणूस मागे, कुत्रा बांधलेला, मुलं घरात.

कांडेचोर, मुंगूस, साळींदर, घोरपड, खवले मांजर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. ती मुद्दाम धरणं किंवा धरून दुसरीकडे नेऊन सोडणं आपलं काम नाही. चुकून अडकली आणि शाबूत असतील तर तिथल्या तिथे मोकळी करा. जखमी असतील, किंवा जवळ जाववत नसेल, तर पिंजरा झाकून सावलीत ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. माकडं-वानरांचंही तेच. आगराचं नुकसान मी रोज डोळ्यांनी बघते, तरी त्यांच्यासाठी घरगुती पिंजरा लावू नका.

आणि फासकी, म्हणजे तारेचा फास, नकोच. रानडुकरासाठी क्लचवायरची फासकी लावली असं लोक सांगतात आणि त्यात बिबट्या सापडतो. कमरेला तार रुतलेला बिबट्या तासन्‌तास ओरडत असतो, आणि सोडवायला आलेल्या माणसांच्या जिवालाही धोका असतो. बिबट्या पहिल्या अनुसूचीतला, शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. पण तुरुंगाच्या भीतीने नव्हे, त्या जनावराकडे एकदा बघितलेला माणूस पुन्हा तार लावणार नाही.

हात, पाय आणि बॅटरी

पिंजऱ्यात हात घालण्याआधी, किंबहुना त्याच्याजवळ पाऊल टाकण्याआधी, बॅटरी मारा. उंदराच्या मागे साप येतो. एका पहाटे मी गोणपाट ओढणार तोच तव्यावर काहीतरी चरचरावं तसा आवाज आला. पिंजऱ्याच्या सावलीत, विटेला लागून, फुरसं वेटोळं घालून बसलं होतं. वीतभर अंतर असेल. अंगाच्या कडा एकमेकांवर घासून ते तो आवाज करतं. मी मागे सरकले आणि सर्पमित्र येईपर्यंत खोलीचं दार लावून ठेवलं. तेव्हापासून गोणपाट हाताने ओढत नाही, काठीने ओढते, आणि पायात बूट असतात. साप चावलाच तर चिरणं, आवळून बांधणं, मंतर यात वेळ घालवायचा नाही. हात किंवा पाय स्थिर ठेवून सरळ दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर चालणारं प्रतिसर्पविष सरकारी रुग्णालयात मिळतं.

सापापेक्षा मला उंदराच्या मुताची जास्त काळजी वाटते. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्यातून येतात, ओल्या मातीत-पाण्यात टिकतात आणि कापलेल्या, भेगाळलेल्या कातडीतून शिरतात. लावणीच्या दिवसांत आपले सगळ्यांचे पाय तसेच असतात. म्हणून पिंजरा उचलताना आत रबरी हातमोजे, वर जाड कापडी किंवा चामडी. कडीला धरायचा, अंगापासून लांब, खाली टेकवत. उंदराला हाताने कधीच धरायचं नाही, मेलेल्यालाही नाही. ताप, पोटऱ्यांत मरणाचं दुखणं, डोळे लाल अशी लक्षणं पावसाळ्यात दिसली तर डॉक्टरांना "घरात उंदीर धरते" हे आपण होऊन सांगा. त्या एका वाक्याने निदान लवकर होतं. खाली दोडामार्ग-सावंतवाडीकडे राहणाऱ्यांनी गोचिडांचंही भान ठेवावं. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला माकडताप २०१६ पासून दोडामार्गकडे माणसांना होतो आहे, आणि त्याच्या गोचिडी रानातल्या उंदीर-चिचुंद्र्यांच्या अंगावरही असतात.

उंदीर चावला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि आरोग्य केंद्रात जा, धनुर्वाताचं इंजेक्शन बघतील. मुंगूस, कांडेचोर, मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करायची, उद्यावर ढकलायची नाही.

सोडायचं कुठे

यावर माझं लोकांशी जमत नाही. बरेच जण पिंजरा दुचाकीवर टाकतात आणि चार-पाच किलोमीटरवर, दुसऱ्याच्या वाडीत किंवा रानात सोडून येतात. त्यांना वाटतं सुटका केली. अनोळखी जागी उंदराला ना बीळ माहीत, ना खाण्याची वाट, ना लपायला जागा. बहुतेक लवकर मरतात. जे वाचतात ते दुसऱ्याच्या कणगीत जातात, आपल्याकडचा रोग घेऊन. मी आमच्याच आगरात, घरापासून पन्नास-साठ पावलांवर, गडग्याच्या कडेला सोडते. तो परत येतो का? भोक उघडं असेल तर येतो. म्हणून पिंजरा लावण्याच्या आधीच्या आठवड्यात भोकं शोधायची. अर्ध्या इंचाच्या फटीतून लहान उंदीर सहज येतो. वाशांच्या टोकाशी कौलाखाली बारीक जाळी, मोरीच्या तोंडाला जाळी, दाराखाली पत्र्याची पट्टी, जांभ्यातल्या भेगांत सिमेंटबरोबर काचेचा चुरा. माडाच्या झावळ्या कौलांना टेकत असतील तर तोडा, आणि माडाला जमिनीपासून सहा-सात फुटांवर गुळगुळीत पत्रा गुंडाळा, म्हणजे वर चढता येत नाही. सुकी मासळी आणि काजूगर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत. हे केल्यापासून वर्षाला जेमतेम पाच-सहा उंदीर धरावे लागतात, पूर्वी महिन्याला तेवढे होत.

सोडण्याआधी पोटाकडे बघा. तारेतून दिसतं. सड ठळक आणि आजूबाजूचे केस झिजलेले असतील तर ती अंगावर पाजणारी आहे. तिला लगेच, धरली त्याच जागेजवळ सोडा. नाहीतर माळ्यावर पिल्लं उपाशी मरतात, आणि तो वास तुम्हाला आठवडाभर सांगत राहतो. पिल्लं तीन-चार आठवड्यांत खाती होतात. तेवढे दिवस थांबून मग भोक बुजवा.

पिंजरा पाण्याच्या बादलीत बुडवणं ही पद्धत आमच्याकडे अजून आहे. कृपा करून तसं करू नका. मिनिट-दोन मिनिटं तो जीव तारेला धरून वर नाक काढायला बघत असतो. मारायचाच होता तर जिवंत धरला कशाला?

नंतरची सफाई सोपी आहे. पेंढा आणि उरलेलं खाणं खड्ड्यात पुरा. लेंड्या कोरड्या झाडू नका, धूळ नाकात जाते. आधी ब्लीचचं पाणी शिंपडा, एका भागाला नऊ भाग पाणी, दहा मिनिटं थांबा, मग फडक्याने पुसा. पिंजराही त्याच पाण्याने धुवा, चांगला खळबळून घ्या, नाहीतर ब्लीचने गंज लवकर धरतो, आणि दिवसभर उन्हात ठेवा. हातमोजे काढायच्या आधी धुवायचे, काढल्यावर पुन्हा हात.

पिंजरा वापरात नसेल तेव्हा तो मांगरात खिळ्याला टांगलेला असतो, आकडा काढलेला, दार सुतळीने उघडं बांधलेलं. एकदा तो नुसता कोपऱ्यात ठेवला होता. आत जुन्या खोबऱ्याचा कण राहिला असेल. दुपारी कोंबडीचं पिल्लू आत गेलं आणि दार पडलं. कोंबडी बाहेर फेऱ्या मारत ओरडत होती म्हणून कळलं. तेव्हापासून सुतळीला दोन गाठी मारते.